शेवटच्या रांगेतून दिसणारं कपाळ

मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या गावजत्रेला, आठ दिवस उरले होते. शाळेच्या वऱ्हांड्यात तालीम चालू होती. दहावीतल्या एका मुलीनं हातातलं कपाळ पायरीवर ठेवलं आणि मला विचारलं, "सर, मागच्या बारीले आमचं कपाळ साफ होतं. आता हे खवले कुठून आले? मी तं तेच आहो ना?"

कपाळ म्हणजे कागदाच्या लगद्याचं, भुवईपासून टाळूपर्यंत बसणारं आणि मागून लास्टिकनं बांधायचं. टेंभुर्णीच्या जुन्या खोडाला असतात तसे त्यावर काळे चौकोनी खवले. आमच्या नाटकातल्या परग्रहवासीयांसाठी ते केलं होतं आणि फार देखणं झालं होतं. म्हणूनच तिचा प्रश्न मला लागला. चार वर्षांपूर्वी त्याच जमातीच्या म्होरक्याचं काम तिनंच केलं होतं, गुळगुळीत कपाळानं. नाटकात मधे वीस वर्षं गेली होती हे खरं, पण वीस वर्षांत कुणाच्या कपाळाला खवले फुटत नाहीत.

या एका प्रश्नावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. त्यात काय झालं ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं. हाच प्रश्न 'स्टार ट्रेक' या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेनं जवळजवळ चाळीस वर्षं वागवला आहे. तिथं काय काय करून पाहिलं गेलं हे मला माहीत होतं, म्हणून आमची गाडी पुढे सरकली.

दोन रात्री, दोन अंतरं

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वडशापासून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर. झाडीपट्टीचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी उरकली की इथं मंडया सुरू होतात. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, त्या गर्दीत पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात आणि रात्री नाटक असतं. वडशाच्या कंपन्या ट्रकमध्ये पडदे, माइक, दिवे घालून गावोगाव फिरतात. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेच पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या घराघरांत आपल्याच माणसाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं.

शाळेत मी विज्ञान शिकवतो. २०१९ च्या गॅदरिंगला मुलांनी आणि मी मिळून चाळीस मिनिटांचं नाटक रचलं. दुसऱ्या ग्रहावरचं पाणी आटतं, तिथली माणसं गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, उतरतात आणि पाण्याच्या बदल्यात गावाला काय द्यायचं यावर वाटाघाट होते. जमातीचं नाव मुलांनी ठेवलं : टेंभरे. कपाळ, गाल, हात यांना कोळसा आणि खोबरेल तेल चोळलं, भुवया वर ओढल्या, झालं. खर्च जवळजवळ नाहीच. प्रेक्षक होते दोनशेच्या आसपास, शाळेच्या अंगणात, पहिली रांग मंचापासून चार पावलांवर आणि शेवटची फार तर वीस.

२०२३ मध्ये मंडईच्या लोकांनी विचारलं की कंपनीच्या नाटकाआधी पोरांचं काही होईल का. नाटकाचा दुसरा भाग लिहून तयार होता. टेंभरे वीस वर्षांनी परत येतात, या वेळी धानाचं बियाणं मागायला. पण आता शामियाना होता, खुर्च्यांचं तिकीट होतं, मागे जमिनीवर सतरंज्या, त्याच्याही मागे कांबळी पांघरून उभी राहिलेली माणसं. शेवटचा माणूस मंचापासून सहज दीडशे पावलं लांब.

रंगभूषेसाठी ज्यांना बोलावलं त्यांना सगळे काकाजी म्हणतात. वडशाच्या कंपन्यांमध्ये त्यांनी पस्तीसहून अधिक हंगाम काढले आहेत. त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं, मग स्वतः उठून मैदानाच्या पार टोकाला गेले आणि तिथून पाहिलं. परत येऊन म्हणाले, "मास्तर, पयली रांग पाहून रंगवलं तं शेवटची रांग मेली. तिले रंग दिसत नाही, सावली दिसते. कपाळ उचला."

कपाळ उचलायचं म्हणजे त्यावर उंचवटे आणायचे. वरून दिवा पडला की उंचवट्याखाली सावली पडते आणि ती सावली लांबून ओळखू येते. खवल्यांचा नमुना त्यांनी शाळेमागच्या टेंभुर्णीवरून घेतला. खोडावर ओला शाडू दाबून ठसा काढला आणि साच्यात कागदाचा लगदा भरला. एक कपाळ व्हायला दोन दिवस लागत होते. मुलं चौदा होती. हातात वेळ होता पाच कपाळांचा.

"बाकी नवांले टोपली घाला," काकाजी म्हणाले. "चांदीचा कागद लावून. शिरस्त्राण होते."

आणि तेव्हाच त्या मुलीनं कपाळ पायरीवर ठेवलं.

क्लिंगॉनांचं काय झालं

दुसऱ्या संध्याकाळी मी मुलांना क्लिंगॉनांची हकिकत सांगितली. 'स्टार ट्रेक' अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. क्लिंगॉन ही लढाऊ जमात तिच्यात पहिल्यांदा दिसली ती २३ मार्च १९६७ ला. जॉन कोलिकॉस या नटानं कोर नावाचा सेनापती केला होता. कपाळ साफ. चेहऱ्याला तपकिरी रंग, वर चढवलेल्या भुवया, खाली लोंबणाऱ्या मिशा. मी ते भाग लहानपणी शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिले. तपकिरी रंग मला कधी दिसलाच नाही. मला कोर आठवतो तो भुवयांमुळे आणि तो खुर्चीत ज्या तोऱ्यात बसायचा त्यामुळे. १९६७ साली अमेरिकेतही बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवलच होता, पडदा लहान होता आणि दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता. रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स यांना काकाजींच्या भाषेत सांगायचं तर शेवटची रांग म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. तिथवर पोचायला भुवया आणि मिशा पुरत होत्या.

१९७९ च्या डिसेंबरमध्ये पहिला चित्रपट आला. त्यातल्या क्लिंगॉनांच्या नाकाच्या मुळापासून डोक्यावरून मागे एक हाडांची रांग गेलेली होती, पाठीचा कणाच वर आल्यासारखी. चित्रपटाचा खर्च होता साडेचार कोटी डॉलरच्या आसपास. मला यातली एक गोष्ट सगळ्यांत बोलकी वाटते : ही रंगभूषाही फ्रेड फिलिप्स यांचीच होती. हात तोच, जमात तीच. मधे बारा वर्षं गेली, पैसा आला आणि पडदा भिंतीएवढा झाला. भिंतीएवढ्या पडद्यावर तपकिरी रंग म्हणजे रंग फासलेला माणूसच दिसतो, कारण तिथं त्वचेचं छिद्रन्‌छिद्र दिसतं. तिथं कपाळ उचलावंच लागलं. पैसा आणि वेळ असता तर क्लिंगॉन पहिल्यापासूनच असे दिसले असते, अशी निर्मात्यांची भूमिका राहिली. म्हणजे कथेत काहीच बदललं नव्हतं, त्यांना मात्र आता नीट दाखवता येत होतं.

याच चित्रपटात क्लिंगॉन कप्तान झाले होते मार्क लेनर्ड. हेच १९६६ मध्ये रोम्युलन या दुसऱ्या परग्रही जमातीचे सेनापती होते आणि १९६७ मध्ये मालिकेतलं मुख्य पात्र स्पॉक याचे, व्हल्कन या तिसऱ्या जमातीचे, वडील. एका माणसानं तीन जमाती केल्या. मुलांना हे फार आवडलं, कारण आमच्याकडे एकच नट पहिल्या अंकात पाटील आणि तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर असतो.

रोम्युलनांची गोष्ट निघाल्यावर काकाजी सावरून बसले. रोम्युलनांचे कान टोकदार होते. कान रबराचे करायचे, चिकटवायचे, कडा लपवायच्या. हे एकेका माणसाचं काम. म्हणून १९६६ च्या त्या भागात सेनापती आणि त्याच्या जवळच्यांना कान दिले आणि बाकी शिपायांना कान झाकणारी शिरस्त्राणं घातली. काकाजींनी आपल्या चांदीच्या टोपलीकडे बोट केलं आणि काही न बोलता मान हलवली. साठ वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे कुणीतरी तोच हिशेब मांडला होता, याचा आनंद मला त्यांच्या तोंडावर दिसला.

१९८७ मध्ये नवी मालिका सुरू झाली आणि मायकेल वेस्टमोर यांच्याकडे रंगभूषा आली. त्यांनी एकच कणा सोडून दिला आणि प्रत्येक क्लिंगॉनाला वेगळं कपाळ दिलं. डायनासोरच्या मणक्यांचे आकार त्यांनी त्यासाठी पाहिले होते. ही कपाळं फोम लॅटेक्सची. रबराचा चीक फेसून साच्यात ओततात, भट्टीत भाजतात, मग चेहऱ्यावर चिकटवून पातळ कडा कातडीत मिसळून टाकतात. रात्री काढताना त्या कडा फाटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा तुकडा लागतो. वर्षाला पंचवीसएक भाग असलेल्या मालिकेत हे रोज करायचं. वॉर्फ या मुख्य क्लिंगॉन पात्राचं कपाळ पहिल्या हंगामात एक आणि दुसऱ्यापासून निराळं दिसतं.

रोम्युलनांना याच सुमारास भुवयांवर इंग्रजी व्हीसारखा उंचवटा मिळाला. आणि ट्रिल नावाच्या जमातीचं तर उलट झालं. १९९१ मध्ये ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांच्या नाकाकपाळावर उंचवटे होते. १९९३ मध्ये दुसऱ्या मालिकेत ट्रिल बाई मुख्य पात्र होणार म्हटल्यावर टेरी फॅरेल या नटीवर कपाळाची चाचणी झाली, तिचा चेहराच त्याखाली हरवला, आणि उंचवटे काढून कानशिलापासून मानेवर उतरणारे ठिपके आले. वर्षानुवर्षं दर आठवड्याला जो चेहरा पाहायचा तो झाकून चालत नाही. इथं अंतराचा नियम उलटा लागू झाला : कॅमेरा जितका जवळ येतो तितकं कमी रबर सोसवतं. २०१७ च्या मालिकेतल्या क्लिंगॉनांबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. लांबट टकली डोकी, आखीवरेखीव कवटी, कारागिरी थक्क करणारी, पण तिच्या थराखाली नटाच्या चेहऱ्यावरची रेष हलताना दिसेना. पुढच्या हंगामात त्यांना केस आले आणि युद्धकाळात ते डोकी भादरतात असं कारण दिलं गेलं. मला ते कारण पटलं. आमच्याकडेही सुतकात डोकं भादरतात, आणि त्या माणसाला ओळखायला क्षणभर वेळ लागतो.

कोळसा

इथवर मी पैसा, पडदा आणि वेळ यांबद्दल बोलत होतो. मग आठवीतल्या एका मुलानं विचारलं की पहिल्या क्लिंगॉनांना तपकिरी रंगच का दिला. मला थांबावं लागलं.

खरं उत्तर चांगलं नाही. ते शीतयुद्धाचे दिवस होते. शत्रू म्हणून अमेरिकन प्रेक्षकाला पूर्वेकडचा माणूस दाखवला की पुरत असे. आपलं रूप चंगेजखानासारखं करावं, असं कोलिकॉस यांनीच रंगभूषाकाराला सुचवलं होतं. गोऱ्या नटाचा चेहरा काळवंडला, भुवया तिरक्या केल्या, मिशा लोंबवल्या, की परका तयार. १९७९ मध्ये हाडं वर आली तेव्हा तपकिरी रंग गेला नाही, पण क्लिंगॉन परका आहे हे सांगायचा भार हळूहळू कातडीच्या रंगावरून कपाळाच्या हाडावर सरकला. हाड कुठल्याच खऱ्या माणसाचं नव्हतं. हा बदल कुणी या हेतूनं केला असं मी म्हणत नाही, पण झाला तो बरा झाला.

हे बोलताना मला २०१९ ची एक गोष्ट मुलांसमोर कबूल करावी लागली. गॅदरिंग संपल्यावर एका मुलाची आई माझ्याकडे आली होती. तो टेंभऱ्यांपैकी एक होता. ती म्हणाली, "सर, पोरं म्हनतात याले कोळसा लावाची गरजच नाही." एवढंच म्हणून ती गेली. मी तेव्हा नाटक चांगलं झाल्याच्या भरात होतो. घरी गेल्यावर कळलं की परग्रहावरचा माणूस दाखवायला आपण काय केलं : काळा रंग फासला. ज्या गावात निम्मी मुलं उन्हानं आणि जन्मानं काळी आहेत, तिथं. त्या मुलाला मंचावर उभं करून आपण सांगितलं की तुझ्या कातडीचा रंग म्हणजे दुसऱ्या ग्रहाचा. २०२३ मध्ये कोळसा वापरायचा नाही हे मी काकाजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कारण मात्र सांगितलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी सांगितलं, आणि तो मुलगा तिथंच बसला होता, आता अकरावीत, दिवे लावायला आलेला. त्यानं मान खाली घातली नाही. "मी घरी सांगितलंच नोहोतं," तो म्हणाला. "आईले दुसऱ्यानं सांगितलं असन."

म्हणून टेंभऱ्यांचं कपाळ बदलण्यामागे अंतर होतं, तसा हा कोळसाही होता. पण ही दोन्ही आमची कारणं होती. मुलीचा प्रश्न नाटकातला होता, तो तसाच उभा होता.

तिथं काय काय करून पाहिलं

१९९४ मध्ये एका भागात तीन म्हातारे क्लिंगॉन दाखवले. तिघेही १९६० च्या दशकातलेच, आणि तेच नट : कोर म्हणून कोलिकॉस, सोबत मायकेल अन्सारा आणि विल्यम कॅम्बेल. सत्तावीस वर्षांपूर्वी साफ कपाळानं आलेला कोर आता उंचवटे घेऊन आला, आणि कुणीही त्यावर अवाक्षर काढलं नाही. म्हातारपण, मैत्री, जुना सूड, एवढीच कथा. मी मुलीला म्हणालो, तू कोर आहेस. तुझ्यासारखंच त्याचं झालं होतं.

"मंग त्यानं कोनाले इचारलं नाही?"

"नाही."

"त्याले वाईट नाही वाटलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, नंतरच्या मालिकेतली पात्रं काळात मागे जाऊन थेट १९६७ च्या एका जुन्या भागात उतरली. आता वॉर्फ आणि साफ कपाळाचे क्लिंगॉन एकाच खोलीत आले. प्रश्न टाळता येणं शक्यच नव्हतं. सोबती त्याला विचारतात. वॉर्फ एवढंच म्हणतो की आम्ही परक्यांशी याबद्दल बोलत नाही. प्रेक्षक हसले, आणि हसता हसता त्यांना पहिल्यांदा कळलं की हा बदल कथेतही घडलेला आहे आणि त्यात काहीतरी लाजेचं दडलं आहे.

उत्तर आलं फेब्रुवारी २००५ मध्ये, सलग दोन भागांत. माणसांच्या सुधारित जनुकांवरून बलवान योद्धे तयार करायला निघालेले क्लिंगॉन शास्त्रज्ञ, त्यातून फुटलेली साथ, साथीवरचा उपाय, आणि त्या उपायानं जीव वाचलेल्यांची कपाळं गुळगुळीत झाली. पुढच्या पिढीतही ते उतरणार. शेवटी एक शास्त्रज्ञ म्हणतो की आता आपण कवटीच्या शस्त्रक्रिया शिकाव्यात, मागणी राहील. हे उत्तर अनेकांना अनावश्यक वाटतं. मला तसं वाटत नाही. १९६७ च्या कोरकडे मी आता पाहतो तेव्हा त्याच्या तोऱ्याखाली मला एक दुखणं दिसतं. जो चेहरा केवळ तंगीतून आला होता, त्याला अडतीस वर्षांनी कुणीतरी दुःख दिलं. प्रेक्षकाच्या प्रश्नाला इतकं मनावर घेणं मला आदराचं वाटतं.

२०२० च्या मालिकेत रोम्युलनांबाबत आणखी सोपी वाट निघाली. उंचवटे असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे रोम्युलन शेजारी शेजारी दाखवले. एकाच जमातीत दोन्ही असतात. आमच्या वर्गात तरी सगळ्यांची नाकं कुठं सारखी आहेत?

तिसरी संध्याकाळ

मुलांपुढे चार वाटा होत्या. जुनीच रंगभूषा ठेवायची. काही न बोलता नवं कपाळ चढवायचं. वॉर्फसारखं एखादं वाक्य टाकायचं. किंवा पूर्ण कारण द्यायचं.

पहिली काकाजींनी मोडीत काढली, शेवटच्या रांगेसाठी. वाक्याची कल्पना मुलांना आवडली, पण ती उसनी आहे हे त्यांनाच जाणवलं. साथीचं कारण एकानं सुचवलं. लॉकडाउनचं वर्ष सगळ्यांच्या घरात नुकतंच होऊन गेलं होतं आणि कुणालाच साथ नको होती. मी गप्प बसायचं ठरवलं होतं, आणि एकदाच चुकून बोललो तेव्हा मुलांनी मला गप्प केलं.

उत्तर मुलीकडूनच आलं, आणि ते टेंभुर्णीच्या झाडाखाली उभं राहून आलं. शाळेमागे एक जुनं झाड आहे, ज्याचा ठसा घेतला होता. त्याच्या आजूबाजूला दोन-तीन कोवळी रोपं. ती म्हणाली, "सर, लहान झाडाची साल पाहा. साफ आहे. मोठ्याची फुटते. टेंभरे मोठे झाले का त्याइचं कपाळ फुटते. मागच्या बारीले मी लहान होतो."

विदर्भात बाईमाणूसही बोलताना असं "होतो" म्हणते, ते तसंच ठेवलं आहे.

या एका वाक्यानं किती गोष्टी सुटल्या हे मला लगेच उमगलं नाही, काकाजींना उमगलं. पाच कपाळं, चौदा मुलं. पाच मोठे टेंभरे, नऊ लहान. टोपल्यांची गरज संपली. लहानांची कपाळं साफ, त्यांना नुसती हळद आणि गेरू. नाटकात वीस वर्षं गेलीत हे सांगायला जी दोन वाक्यं लिहिली होती ती कापता आली, कारण आता ते कपाळच सांगत होतं. आणि २०१९ चं नाटक खोटं पडलं नाही. ती तेव्हा खरंच लहान होती, सहावीत.

कपाळांची तंगी मिटली तेव्हा मला रोम्युलनांची शिरस्त्राणं आठवली. तिथं कमी कान होते म्हणून झाकले. इथं कमी कपाळं होती, आणि त्या कमीपणाला कथेत जागा मिळाली. काकाजींनी चांदीचा कागद उलगडून घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "पुढच्या कोन्या नाटकाले येईल."

मंडईची रात्र

पोरांचं नाटक साडेनऊला सुरू झालं. थंडी होती, मागे दोन ठिकाणी शेकोट्या. ती मुलगी पाच जणांतली शेवटची आली, मधल्या टांगलेल्या माइकखाली उभी राहिली आणि वरच्या दिव्यात खवल्यांच्या सावल्या तिच्या भुवयांवर पडल्या. मी मुद्दाम शेवटच्या रांगेच्याही मागे उभा होतो. तिथून तिचे डोळे दिसत नव्हते. कपाळ दिसत होतं. काकाजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

पण एक चूक झाली होती आणि ती मला तिथं उभा असल्यामुळेच कळली. माझ्या शेजारी कांबळ पांघरलेले एक आजोबा होते. लहान टेंभरे बियाण्याच्या पोत्याभोवती गोळा झाले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे नऊ पोट्टे कोन्या गावचे?" त्यांना ते टेंभरे वाटलेच नव्हते. साफ कपाळं, हळदीचा रंग. दीडशे पावलांवरून ती नुसती मुलं होती. पुढच्या रांगांना सालीची गोष्ट कळली, कारण मंचावर मुलगी एका लहानाच्या कपाळावरून हात फिरवून म्हणते, "फुटंल, थांब." ते वाक्य मागेही ऐकू आलं. पण कशावरून हात फिरवला, ते मागून दिसत नव्हतं.

नाटक संपल्यावर मी हे काकाजींना सांगितलं. कंपनीच्या नाटकाची पहिली घंटा झाली होती, त्यांना त्या नटांकडे जायचं होतं. ते म्हणाले, "मास्तर, मीच चुकलो. जमात एक आहे तं एक खूण सगळ्याइले पाहिजे. मोठा असो का लहान."

जानेवारीत शेजारच्या गावी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा मेळा, होता आणि तिथं पोरांना पुन्हा बोलावणं आलं. काकाजी दुपारीच आले. पाच कपाळं त्यांनी तशीच ठेवली. मग नऊ लहानांना ओळीनं बसवलं आणि काजळाच्या एका बोटानं प्रत्येकाच्या नाकाच्या मुळापासून केसांपर्यंत एक जाड सरळ रेघ ओढली, जिथून पुढे कपाळ फुटायचं होतं तिथं. मोठ्यांच्या खवल्यांमधूनही तीच रेघ खाली आणली. मग नेहमीप्रमाणे मैदान ओलांडून पार टोकाला गेले, बैलांच्या धावपट्टीच्या कडेला उभे राहिले आणि तिथून हात वर करून खूण केली, की चौदाही दिसतात.